तारीफ करा, पण नातं सांगून करा

कामठा आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. दरवेळी आपण कर्ज, परतफेड, लोणची-पापड, शेळीपालन यांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण पैशाशी त्याचा संबंध तितकाच आहे. आज बोलायचं आहे ते स्पीकर, माईक, इअरफोन या ऐकायच्या वस्तूंवर, आणि खरं तर त्यांची तारीफ करणाऱ्या माणसांवर.

आता प्रत्येक घरात यातलं काही ना काही आहे. पोराच्या गळ्यात नेकबँड असतो, भजन मंडळाकडे माईकवाला डबा असतो, मंडईला आणि नाटकाला तर साऊंडशिवाय रंगच येत नाही. ही वस्तू घ्यायची झाली की आपण कुणाला तरी विचारतो. पूर्वी दुकानदाराला विचारायचो, आता मोबाईलवर बघतो. एखादा हौशी मुलगा नवा डबा उघडून दाखवतो, "एकदम मस्त आवाज आहे, डोळे झाकून घ्या" असं सांगतो. तो खोटंच बोलतो असं आम्ही म्हणत नाही. त्याला आवाजाची खरंच आवड असते, माहितीही असते. पण तो डबा त्याने स्वतःच्या पैशाने घेतला की कंपनीने फुकट पाठवला, आणि आपण घेतला तर त्याला काही मिळणार का, हे तो सांगतो का? हा प्रश्न मोबाईलच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचाच इतिहास आज थोडक्यात सांगतो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या जागेपासून करू. जुन्या काळी बैलबाजारात आणि धान्याच्या बाजारात भाव कसा ठरायचा, हे आपल्या आजोबांनी सांगितलेलं असेल. दलाल आणि घेणारा एकमेकांच्या हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव बोलायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा, पण रुमालाखाली काय चाललं ते त्याला दिसत नसे. दलाल तोंडाने शेतकऱ्याच्या बाजूने बोले, बोटं कुणाच्या बाजूने बोलली हे त्यालाच ठाऊक. या लपाछपीला आळा घालायची सुरुवात आपल्या विदर्भातच झाली. वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला. पुढे महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांचा कारभार बांधून दिला आणि उघड लिलावाची पद्धत रुळली. दलाली कुणी बंद केली नाही. दलाल असावा, त्याने दलाली घ्यावी, पण ती सगळ्यांना दिसावी, एवढंच मागणं होतं. हे मागणं लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत तेच पुन्हा पुन्हा येतं.

आता आवाजाच्या वस्तूंकडे येऊ. तांदूळ घ्यायचा तर आपण दाणा दाताखाली धरून बघतो. लुगड्याचा पोत बोटांना कळतो. आवाजाचं तसं नाही. दुकानात गोंगाट असतो, घरी आणल्यावर खोली वेगळी, गाणं वेगळं. आणखी एक गंमत म्हणजे दोन स्पीकरांपैकी ज्याचा आवाज थोडा मोठा ठेवलेला असतो, तोच कानाला चांगला वाटतो. कुणी आधी सांगितलं की "हा महागाचा आहे", तर तो गोडही वाटू लागतो. कान मनाच्या मागे जातो. म्हणून या धंद्यात दुसऱ्याच्या शब्दाला फार किंमत आली, आणि किंमत आली तिथे शब्द विकत घेणारेही आले.

भोंग्यापुढे कान टवकारून बसलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल. जुन्या घरांत ग्रामोफोनच्या तबकडीवर तो हमखास असे. हे चित्र फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या इंग्रज चित्रकाराने काढलं. कुत्र्याचं नाव निपर. पण मूळ चित्रात निपरसमोर ग्रामोफोन नव्हताच. तिथे दुसऱ्या जातीचं यंत्र होतं, मेणाच्या नळकांडीवर आवाज वाजवणारं फोनोग्राफ. १८९९ मध्ये चित्रकार ग्रामोफोन कंपनीकडे गेला तेव्हा कंपनीने सांगितलं, चित्र घेतो, पण आमचं यंत्र काढून दे. त्याने जुन्या यंत्रावर रंग चढवून नवं यंत्र काढलं. चित्राचे ५० पौंड आणि त्याच्या हक्काचे ५० पौंड त्याला मिळाले. निपर तर १८९५ मध्येच मेला होता. म्हणजे जगभर ज्या कुत्र्याने ग्रामोफोनच्या आवाजाची साक्ष दिली, त्याची साक्ष मरणानंतर बदलली गेली. चित्रकाराने गुन्हा केला असं नाही, त्याने चित्र विकलं. पण रंगाखाली काय आहे, हे बघणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. विजेच्या दिव्यामुळे ज्याचं नाव आपण शाळेत शिकलो, तो थॉमस एडिसन आवाजाची यंत्रंही विकत असे. १९१५ पासून पुढची दहाएक वर्षं त्याच्या कंपनीने गावोगावी एक कार्यक्रम केला. रंगमंचावर यंत्र ठेवायचे आणि शेजारी गायिका उभी राहायची. ती गाता गाता मध्येच थांबे आणि तबकडी तेच गाणं पुढे वाजवत राही. कधी दिवे मालवत, आणि दिवे लागले की लोकांना दिसे, गायिका तर केव्हाच निघून गेली, गात होतं ते यंत्र! लोक थक्क होत. वर्तमानपत्रांत छापून येई की खरा आवाज आणि यंत्राचा आवाज ओळखू आला नाही.

परीक्षा उघड्यावर झाली, हजारो लोकांनी पाहिली. मग त्यात लपलेलं काय होतं? गायिका कंपनीच्या पैशावर आलेली होती. त्यांतली एक नावाजलेली गायिका ॲना केस. तिने म्हातारपणी सांगितलं की यंत्राच्या आवाजाशी जुळेल असाच आवाज ती मंचावर लावत असे. यंत्र माणसासारखं गायलं नाही, माणूस यंत्रासारखा गायला. ऐकणाऱ्यांना हे ठाऊक असतं तर त्यांनी तिकडे वेगळ्या कानाने ऐकलं असतं. मैत्रिणींनो, परीक्षा कोण घेतं आणि तिचा खर्च कोण करतं, हे कळल्याशिवाय निकालाला अर्थ नसतो.

मग रेडिओचा काळ आला. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. त्या वर्षांत बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ देशाचे नभोवाणी मंत्री होते आणि आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना त्यांनी जवळजवळ दार बंद केलं होतं, म्हणून लोक सिलोन लावत. या कार्यक्रमाकडे आजच्या विषयाच्या नजरेने पाहा. बिनाका हे टूथपेस्टचं नाव. पैसा टूथपेस्टवाल्यांचा होता आणि ते कार्यक्रमाच्या नावातच सांगितलेलं होतं. ऐकणाऱ्या बाईला पहिल्या शब्दात कळत होतं की हे कुणाच्या खर्चाने चाललंय. त्यामुळे कार्यक्रमाची गोडी कमी झाली का? उलट लोक आठवडाभर वाट पाहत.

त्याच काळात अमेरिकेत उलट चाललं होतं. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या रेडिओवर गाणी लावणाऱ्यांना गुपचूप पैसे देत आणि ते लोक "हे गाणं मला फार आवडतं" म्हणत तेच गाणं पुन्हा पुन्हा लावत. याला तिकडे 'पेओला' म्हणत. १९५९-६० मध्ये तिथल्या संसदेपुढे चौकशी झाली. ॲलन फ्रीड हा त्या वेळचा फार लाडका निवेदक होता. त्याची नोकरी गेली, १९६२ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड फक्त ३०० डॉलर झाला, पण नाव गेलं ते गेलंच. १९६० मध्ये तिथे कायदा सुधारला. त्यातही पैसे घेऊन गाणं लावायला सरसकट बंदी नव्हती. पैसे घेतले असतील तर रेडिओवर तसं सांगा, असं कायद्याने म्हटलं. आपल्या रुमालाची गोष्ट पुन्हा आली. घेणं हा गुन्हा नव्हता, झाकणं हा गुन्हा होता.

आपल्याकडे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि सुरुवातीच्या केंद्रांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं नागपूरही होतं. तेव्हापासून जाहिरात कोणती आणि कार्यक्रम कोणता हे आपल्या कानांना वेगळं ओळखता येतं. जाहिरातीची चाल वाजली की बाया उठून भात बघायला जात. ती वेगळी ओळख ही फार मोठी सोय होती, हे आता मोबाईलवर ती पुसट झाल्यावर कळतं. सामुदायिक रेडिओला २००६ मध्ये धोरण मिळालं, तेव्हाही जाहिरातीला तासाला ५ मिनिटांची मर्यादा घालून दिली होती. पुढे ती वेळ वाढली, पण जाहिरातीची जागा वेगळी राहिली.

आता हौशी परीक्षकांकडे वळू, कारण आजचा डबा उघडून दाखवणारा मुलगा त्यांचाच वारसदार आहे. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट नावाचा एक माणूस होता. आवाजाच्या यंत्रांचं त्याला वेड. तो एका मोठ्या मासिकात ॲम्प्लिफायर, स्पीकर यांची परीक्षणं लिहायचा. त्याला दिसलं की जाहिरात देणाऱ्या कंपनीचा माल वाईट निघाला तरी तसं छापणं मासिकाला जड जातं. त्याने ते काम सोडलं आणि १९६२ मध्ये 'स्टिरिओफाइल' नावाचं स्वतःचं छोटं मासिक काढलं. सुरुवातीला कंपन्यांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, वर्गणीदारांच्या पैशावर चालायचं आणि कानाला जे ऐकू आलं ते लिहायचं, असं त्याने ठरवलं. परिणाम काय झाला? मासिकाला पैसा पुरेना. अंक कधी वेळेवर निघत नसत, वर्गणीदार महिनोन्‌महिने वाट पाहत. तरी लोक त्याला धरून राहिले, कारण त्याच्या शब्दामागे दुसऱ्याचा पैसा नाही हे त्यांना ठाऊक होतं. प्रामाणिकपणा फुकट मिळत नाही, त्याचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. वाचणाऱ्यांनी उचलला नाही तर तो विकणारा उचलतो, आणि मग लिहिणारा विकणाऱ्याचा होतो.

माणसांबरोबर आकड्यांनीही फसवणूक होते. ट्रान्झिस्टर रेडिओचा जमाना आला तेव्हा जास्त ट्रान्झिस्टर म्हणजे चांगला रेडिओ, असा समज झाला. मग काही कारखानदार आत कामच न करणारे ट्रान्झिस्टर बसवून आकडा वाढवू लागले. नंतर ॲम्प्लिफायरच्या वॅटचा खेळ सुरू झाला, इतका की १९७४ मध्ये अमेरिकेत वॅट कसे मोजून जाहीर करायचे याचा नियम करावा लागला. आपल्याकडे हा खेळ 'पीएमपीओ' या नावाने आला. हातात मावेल एवढ्या स्पीकरच्या खोक्यावर शेकडो, हजारो वॅट पीएमपीओ लिहिलेले तुम्हीही पाहिले असतील. ते वॅट म्हणजे क्षणभरासाठी कल्पनेने काढलेला आकडा, त्याला मोजण्याचं ठरलेलं माप नाही. खरा विचारायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे यंत्र सतत वाजताना किती ताकद देतं तो. भजन मंडळासाठी डबा घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा, "आरएमएस किती?" आणि मोबाईलवर तारीफ करणारा फक्त खोक्यावरचा मोठा आकडा वाचून दाखवत असेल, तर त्याने वस्तू तपासली नाही, खोकं वाचलं, असं समजा.

हे सगळं परदेशातलं ऐकून कुणी म्हणेल, आपल्या बायांचा यात काय संबंध? फार जवळचा संबंध आहे. आपल्या देशात ग्राहकांच्या बाजूने संघटितपणे उभ्या राहिल्या त्या आधी बायाच. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी मिळून 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था काढली. टंचाई आणि भेसळीचे दिवस होते. विकणाऱ्याच्या बोलण्यावर न जाता वस्तू स्वतः तपासायची आणि निकाल लोकांना सांगायचा, ही रीत या संस्थेने आपल्याकडे रुजवली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध हजारो बाया लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांच्याबरोबर तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांचाही वाटा होता. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याचं सामान एकत्र घ्यायचं आणि वाटून घ्यायचं, अशी तिची पद्धत. म्हणजे आपल्या गटासारखंच की!

या चळवळींच्या रेट्याने १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो तो त्याच कायद्याची आठवण म्हणून. पण त्या कायद्याला मोबाईलवरची तारीफ माहीत नव्हती. म्हणून २०१९ मध्ये नवा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. फसव्या जाहिरातीला त्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. वस्तूची शिफारस करणारा नट असो, खेळाडू असो की गावातला मुलगा, तोही यातून सुटत नाही. त्याला एक वर्ष, आणि पुन्हा तेच केलं तर तीन वर्षं शिफारस करायला बंदी होऊ शकते. महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हीसुद्धा फसवी जाहिरात, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. मात्र शिफारस करण्याआधी ज्याने वस्तूची नीट खात्री करून घेतली होती, त्याला कायदा सांभाळून घेतो.

पुढे नियम आणखी उलगडत गेले. मुंबईत १९८५ पासून जाहिरातदारांची स्वतःची एक परिषद आहे, 'ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स काउन्सिल ऑफ इंडिया'. तिने २०२१ मध्ये मोबाईलवरून शिफारस करणाऱ्यांसाठी नियम काढले. त्यातला एक नियम खास कानाचा आहे. नुसतं ऐकायचं माध्यम असेल तर ही जाहिरात आहे असं सुरुवातीला सांगायचं, शेवटी सांगायचं आणि मध्ये विश्रांती घेतली तर तिच्या आधी आणि नंतरही सांगायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन खरेदीच्या जागी ग्राहकांची मतं कशी गोळा करावीत आणि कशी छापावीत याचं मानक आणलं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने शिफारस करणाऱ्यांसाठी सोपी पुस्तिका काढली. तिच्यात सांगितलं आहे की पैसे मिळाले तरच नव्हे, वस्तू फुकट मिळाली, सवलत मिळाली, भेट मिळाली, फिरायला नेलं, कंपनीत नोकरी किंवा भागीदारी आहे, इतकंच काय नातेवाईक आहे, तरी ते सांगायचं. आणि ज्या भाषेत तारीफ केली त्याच भाषेत सांगायचं. मराठीत तारीफ करून कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरं टाकायची, हे चालत नाही.

इतका कायदा सांगितला तो एका कारणासाठी. आता शिफारस करणाऱ्यांच्या रांगेत आपणही उभ्या आहोत. गटातल्या बाईला गावात मान आहे. तिने सांगितलं तर पाच घरं ऐकतात. हे कंपन्यांनाही कळलं आहे. कुणी येऊन म्हणतं, "ताई, हा स्पीकर तुमच्या गटात दाखवा, एक डबा तुम्हाला फुकट." कुणी म्हणतं, "दहा बायांनी घेतला तर तुमचं कमिशन." दुकानदार पुतण्या असतो, तो म्हणतो, "काकू, तुमचं नाव सांगितलं की गिऱ्हाईक येतं." यात पाप नाही. बाईने चार पैसे कमवावेत, आम्ही तर त्यासाठीच गट चालवतो. पण समजा, ६,००० रुपयांचा डबा आहे आणि दहा जणींनी ६०० रुपये वर्गणी काढून तो घेतला. सहा महिन्यांत त्याची बॅटरी बसली. त्यानंतर कळलं की सुचवणाऱ्या ताईला कमिशन मिळालं होतं. डबा गेल्याचं दुःख दोन दिवस राहील. पण त्या ताईने पुढच्या बैठकीत कर्जाबद्दल काही सुचवलं, तर बाकीच्या नऊ जणी एकमेकींकडे बघतील. बँकेत गटाची पत कागदावर असते, गटात ती एकमेकींच्या शब्दावर असते. एकदा फाटली की ती शिवायला फार दिवस लागतात.

कुणी म्हणेल, "मला तो डबा खरंच आवडला, मग कमिशनचं सांगून मी स्वतःला संशयात का पाडून घेऊ?" प्रश्न रास्त आहे. आमचं म्हणणं असं की सांगितल्याने तारीफ खोटी होत नाही, ऐकणारीला ती तोलता येते. "हा माझ्या पुतण्याच्या दुकानातला आहे, मला २०० रुपये मिळतात, मी दोन महिने वापरला, आवाज चांगला आहे, पण लाईट गेल्यावर दोन तासांच्या वर चालत नाही", असं कुणी बोललं तर आपण तिच्याकडून निर्धास्तपणे घेऊ. न सांगता घेतलेले २०० रुपये मात्र कधीतरी बाहेर येतात. गावात काय लपतं?

आपल्या गटांची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. पाचवं सूत्र लेख्यांचं का ठेवलं? दर बैठकीत आकडे मोठ्याने वाचून दाखवायचे, जिला वाचता येत नाही तिलाही ऐकू जावेत, म्हणून. तीच सवय खरेदीला लावायची आहे. गटाच्या किंवा मंडळाच्या पैशाने कोणतीही वस्तू घ्यायची झाली, तर सुचवणारीने बैठकीत चार गोष्टी बोलायच्या आणि सचिवाने त्या रजिस्टरमध्ये लिहायच्या. वस्तू मी स्वतः वापरली आहे का आणि किती दिवस? ती मला कशी मिळाली, विकत की फुकट? तुम्ही घेतली तर मला काय मिळणार? आणि तिच्यात वाईट काय आहे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं आलं, तर थोडं थांबा. वापरलेल्या वस्तूत एक तरी खोट सापडतेच.

मोबाईलवर बघतानाही हेच चार प्रश्न मनात धरा. सांगणारा "कंपनीने पाठवलं आहे" असं उघड म्हणत असेल तर त्याला लगेच वाईट ठरवू नका. उलट तो आपल्याशी सरळ वागला. त्याचं ऐका आणि आणखी एका जागी खात्री करा. काहीच न सांगता सगळ्याच वस्तू "एक नंबर" म्हणणाऱ्याकडून मात्र सावध राहा.

डबा विकत घेताना एक परीक्षा घरीदारी सहज करता येते. रुमालाखाली जशी लबाडी होते, तशी कापडाखाली सचोटीही करता येते. दोन स्पीकर टेबलावर ठेवा, वर पातळ साडी टाका. एकीने साडीमागे बसायचं. दोन्हींचा आवाज कानाला सारखाच मोठा वाटेल असा लावायचा आणि एकच भजन आळीपाळीने वाजवायचं. बाकीच्यांनी नाव, रंग, किंमत न बघता फक्त ऐकायचं आणि कागदावर पहिला की दुसरा एवढंच लिहायचं. मागे बसलेल्या बाईचं दुकानाशी नातं नसावं. एडिसनच्या खेळात आणि या खेळात फरक तेवढाच आहे. पुष्कळदा स्वस्त डबा पास होतो आणि मंडळाचे पैसे वाचतात.

तरीही फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. पावती घ्या आणि जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. गोंदियाला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. एकटीला भीती वाटली तर गटाने मिळून जावं.

येत्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की पाच मिनिटं या विषयाला द्या. आजपासून कोणत्याही वस्तूची तारीफ करताना आधी आपलं नातं सांगायचं, असा ठराव घ्या आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. आमच्या गटांनी हे ठरवलं आहे. तुम्ही काय ठरवलं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी रेडिओवर सांगू.